मानेची दाढी अन् सेफ्टी रेझर

गालावर छान चालतो पण मानेवर पुरळ येतं, म्हणून सेफ्टी रेझर (सुटं ब्लेड घालायचा तो) सोडतो म्हणताय? थांबा ना जरा. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि मानेवरून चारही बाजूंनी बोट फिरवा. जिकडे गुळगुळीत लागेल, ती केसांची दिशा. मानेवर ती गालासारखी सरळ खाली असेलच असं नाही. जबड्याखाली आडवी, कंठमण्याखाली चक्क वर जाणारीही असते. तिथे सवयीने वरून खाली ओढलं की तो उलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेविरुद्ध, झाला, मग आग होणारच.

ब्लेड कातडीशी साधारण ३० अंशांत, रेझर ओढायचा तो छोट्या छोट्या हातांनी, जोर शून्य. रेझरचं वजनच पुरतं. कंठमण्यावर सरळ जाऊ नका; कातडी बोटाने बाजूला ओढून सपाट भागावर केस काढा. उलटा हात तूर्तास नकोच.

नंतर ओली तुरटी फिरवा. जिथे झोंबेल तिथे बहुधा जोर जास्त लागलाय.

आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना सकाळी दाढी करून, गळ्याला दुपट्टा गुंडाळून गाडीवर निघालात, तर घामाने मान चरचरते, रेझर कोणताही असो. उन्हाळ्यात रात्रीच उरकत जा.