रोजचा रात्रीचा स्वयंपाक पाऊण तासात कसा आटोपावा? (ज्वारीच्या भाकरीसह) – मदत हवी आहे

नमस्कार.

गेल्या जूनपासून आमच्या घरचा रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. पत्नीची बदली नांदेडला झाली असून ती महिन्यातून दोनदा येते; ठाण्याच्या घरात मी, ७४ वर्षांचे अण्णा म्हणजे माझे वडील आणि पाचवीतली मुलगी असे तिघे असतो. मला स्वयंपाक येतच नाही असे नाही. वरण-भात, पोहे, बटाट्याची काचऱ्यांची भाजी एवढे मी शिकत असताना खोलीवर करत होतो. पण रविवारी हौसेने काही करणे वेगळे आणि रोज सव्वासातला घरात शिरून सव्वाआठला तीन ताटे वाढणे वेगळे, हे आता चांगलेच कळले आहे. अण्णांची रात्रीची गोळी जेवणानंतरची असल्याने उशीर झाला की त्यांची झोपही लांबते आणि मुलगी बिस्किटे खाऊन पोट भरते.

कालचा दिवस उदाहरणादाखल देतो. ७.२५ला तुरीची डाळ धुऊन कुकर लावला. चार शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत आठ वाजायला आले. तेवढ्या वेळात पाव किलो गवार निवडली, ज्याला वीस मिनिटे लागली, आणि मग कांदा चिरणे, लसूण सोलणे, दाण्याचे कूट करणे अशी फुटकळ कामे एकामागून एक निघत गेली. एका शेगडीवर आमटी आणि दुसरीवर गवार असल्यामुळे तवा चढायला ८.२० झाले. सहा भाकरी होईतो नऊ वाजत आले.

भाकरी हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग आहे. अण्णा मूळचे सोलापूरकडचे. रात्री त्यांना ज्वारीची भाकरीच लागते. पोळी-भाजी केंद्रातून चपात्या आणून पाहिल्या, पण त्यांनी अर्धी खाऊन ताट बाजूला सारले. मी दुकानातले तयार पीठ आणतो, सहा भाकरींचे पीठ गरम पाण्यात एकदमच मळून ठेवतो आणि थापायला घेतो. पहिल्या दोन बऱ्या होतात. तिसरीपासून कडा फाटू लागतात आणि पाचवी तर परातीतून तव्यावर नेतानाच दुभंगते. मी ओशाळून ते तुकडे वाढतो, तेव्हा अण्णा त्यांवर आमटी ओतत म्हणतात, "कुस्करायचीच की ती." त्यांना कवळी आहे, त्यामुळे ते म्हणतात ते खोटे नाही, पण माझे समाधान होत नाही.

दोन फजित्याही सांगतो, कारण त्यांची कारणे मला कळलेली नाहीत. वेळ वाचावा म्हणून एकदा मी तुरीच्या डाळीबरोबरच चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ घालून कुकर लावला. नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त देऊनही डाळ दाण्यादाण्याने वेगळीच राहिली. दुसऱ्या वेळी रविवारी ओल्या खोबऱ्याचे आणि भाजलेल्या कांद्याचे वाटण करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले. शनिवारी ते आमटीत घातले आणि आमटीला असा आंबूस वास सुटला की सगळे पातेले ओतून द्यावे लागले.

घरात दोन शेगड्या, तीन लिटरचा डब्यांचा कुकर, मिक्सर आणि फ्रिज आहे, मायक्रोवेव्ह नाही. सकाळी डब्याच्या गडबडीतून फार तर पंधरा मिनिटे मोकळी मिळतात. रविवारी दोन तास देण्याची तयारी आहे. अण्णांना फार तिखट-तेलकट चालत नाही आणि कडक पदार्थ चावत नाहीत. मुलगी पालेभाजी निवडून ताटाच्या कडेला लावते. या परिस्थितीत स्वयंपाकाचा क्रम कसा ठेवावा, आदल्या दिवशी किंवा रविवारी नेमके काय करून ठेवले तर टिकेल, आणि भाकरीचे माझे काय चुकते आहे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. बाहेरून मागवण्याचा किंवा बाई लावण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तो विचार करून झाला आहे.

प्रतिसाद १

आपण वेळा लिहून दिल्यात हे फार बरे केलेत, कारण त्यातच बरेचसे उत्तर आहे. आपला वेळ शिजवण्यात फारसा जात नाही. तो निवडण्यात आणि वाफ जिरण्याची वाट पाहण्यात जातो.

आधी डाळीचे पाहू. चिंच, आमसूल, टोमॅटो असे कोणतेही आंबट डाळ शिजण्यापूर्वी घातले की दाणा मऊ पडत नाही, मग शिट्ट्या कितीही द्या. त्यामुळे आंबट नेहमी शिजून घोटलेल्या डाळीत घालावे. तुरीची डाळ सकाळी निघताना धुऊन पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा; बाहेर दिवसभर ठेवली तर आपल्याकडच्या उकाड्यात तिला फेस येतो. भिजलेली डाळ दोन-तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांना उकळत असल्याने गॅस बंद केल्यावरही आत शिजणे चालूच असते. तेव्हा वाफ जिरण्याची ती दहा मिनिटे फुकट गेली असे समजू नका, फक्त कुकर सर्वांत आधी चढवा. हात-पाय धुण्याआधी म्हटले तरी चालेल! खालच्या डब्यात डाळ आणि वरच्या डब्यात तांदूळ ठेवले तर मुलीचा भातही त्यातच होतो. आठवड्यातून दोनदा तुरीऐवजी मुगाची डाळ घ्यावी. ती भिजवावी लागत नाही आणि वडिलांच्या पोटालाही हलकी पडते.

आता भाजी. गवार, घेवडा, मेथी, अंबाडी या निवडाव्या लागणाऱ्या भाज्या सोमवार ते शुक्रवार करूच नयेत, असा मी नोकरीची सव्वीस वर्षे नियम ठेवला होता. गवारीला वीस मिनिटे लागली याचे मला नवल वाटले नाही. मला पंचवीस लागतात. आठवड्याच्या दिवसांत दुधी, दोडका, पडवळ, कोबी, भोपळा, वांगी अशा सुरी लावली की पातेल्यात जाणाऱ्या भाज्या आणाव्यात. मूग किंवा मटकी आदल्या सकाळी भिजत घालून रात्री निथळून फडक्यात बांधली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात. तिची उसळ झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटांत होते आणि चिरायला फक्त एक कांदा लागतो.

ज्या दिवशी कशाचाच मेळ बसत नाही, त्या दिवशी पिठले. तिघांना अर्धी वाटी बेसन पुरते. ते दोन वाट्या पाण्यात, असल्यास त्यात थोडे ताक घालून, गुठळ्या मोडून कालवून घ्यावे. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद, ठेचलेला लसूण आणि एखादी मिरची घालावी, कांदा परतावा आणि कालवलेले पीठ ओतून हात न थांबवता ढवळावे. घट्ट होऊ लागले की झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे वाफ द्यावी. ही वाफ घाईत टाळली तर बेसनाचा कच्चट वास राहतो आणि मग मुले पिठल्याला कायमची नाके मुरडतात. कवळी असलेल्या माणसाला पिठल्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

प्रतिसाद २

दादा, मी मंगळवेढ्याजवळची आहे, म्हणून फक्त भाकरीवर लिहिते. तुमच्या मजकुरात दोन ठिकाणी उत्तर सापडले.

पहिले म्हणजे दुकानातले पीठ. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, म्हणजे त्यातला चिकटपणा जातो आणि मग मळणारा कितीही हुशार असला तरी भाकरी फाटते. पुडक्यातले पीठ किती दिवसांपूर्वी दळले आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. रब्बीची मालदांडी ज्वारी आणा आणि एका वेळी दोन किलोच दळून आणा. ते दहा-बारा दिवसांत संपवा. आमच्याकडच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण तीच हवी असा माझा हट्ट नाही. फक्त पावसाळी ज्वारी घेऊ नका, कारण कणसे भरताना पाऊस लागला की दाणा काळपट पडतो आणि भाकरीला ती चव राहत नाही. गिरणीवाल्याला पीठ बारीक दळायला सांगा आणि आधी त्याने गहू दळला असेल तर पहिले मूठभर पीठ बाजूला काढा.

दुसरे म्हणजे सहा भाकरींचे पीठ एकदम मळणे. गव्हात ग्लूटेन असते, त्यामुळे कणीक मुरली की सुधारते. ज्वारीत ते नसते. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तेवढ्यापुरता चिकटा येतो, पण गोळा ठेवला की तो कोरडा होऊन तडकतो. म्हणून तुमच्या पहिल्या दोन बऱ्या आणि पुढच्या बिघडलेल्या. तयारी एकदम करा, मळणे मात्र एकेका भाकरीचे. परातीत एका बाजूला सगळ्या पिठावर उकळीचे पाणी घालून उलथन्याने कालवून झाकून ठेवा. एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी लागते. मग त्यातला एका भाकरीपुरता गोळा तोडून, गार पाण्याचा हात लावत, तळहाताच्या टाचेने दोन मिनिटे रगडा. गोळा दाबल्यावर कडेला चिरा पडल्या तर अजून पाणी आणि अजून रगडणे हवे आहे. एक थापून तव्यावर टाकली की तिच्या वेळात पुढचा गोळा रगडून होतो.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा आणि तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवा. हे पाणी दिसेनासे होत आले, पण पूर्ण वाळले नाही, तेवढ्यात उलटायचे. वाळू दिले तर वर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू भाजून झाली की पहिली बाजू थेट आचेवर धरायची.

आणि परातीतून उचलताना मोडू नये म्हणून सुरुवातीला भाकरी लहान थापा, आपल्या पंजाएवढी. मोठ्या भाकरीची हौस नंतर.

प्रतिसाद ३

वाटणाविषयी लिहितो. ओले खोबरे आणि कांदा या दोन्हींत पाणी असते. असे वाटण फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नये आणि त्यात ओला चमचा तर मुळीच घालू नये. रविवारी तेच करायचे असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवावे. एका वेळच्या आमटीला दोन वड्या पुरतात आणि त्या थेट उकळत्या आमटीत टाकता येतात. त्याहून सोयीचे म्हणजे सुके वाटण. सुके खोबरे, तीळ, थोडे धणे-जिरे कोरडे भाजून, पूर्ण गार झाल्यावर फिरवून बरणीत भरले तर फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहते. खोबरे गरम असताना फिरवू नये, त्याला तेल सुटून लगदा होतो.

रविवारच्या दोन तासांत हे वाटण, दाण्याचे कूट, आठवड्याचा सोललेला लसूण आणि धुऊन कोरडी करून फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर एवढे करावे. भाज्या चिरून ठेवण्याच्या मी विरोधात आहे, त्या मलूल होतात आणि कोबीला वास मारतो. लसूण सोलणे, दाण्यांची साले पाखडणे ही कामे पाचवीतल्या मुलीला नक्की द्यावीत. आमच्याकडे असा अनुभव आहे की स्वतः हात लावलेली भाजी मुले कडेला लावताना जरा तरी विचार करतात.

एक सावधगिरीची गोष्ट. रात्रीचा भात उरला तर तो ओट्यावर झाकून ठेवू नये, वाफ गेली की फ्रिजमध्ये टाकावा. शिजवूनही न मरणारे काही जंतू उबदार भातात वाढतात आणि त्यांचे विष नंतर फोडणी दिल्यानेही जात नाही. घरात वयस्कर माणूस आणि लहान मूल असताना हा धोका कशाला पत्करायचा?

मूळ धागाकर्ता – तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. दोघी ताईंच्या सल्ल्याने क्रम बदलला: आता घरात आल्या आल्या कुकर, मग भाजी, आणि कुकर उतरला की त्याच शेगडीवर तवा, कारण आमटीची फोडणी भाकरी झाल्यावरही पाच मिनिटांत होते, हे मला आधी सुचलेच नव्हते. गवार शनिवारवर ढकलली आहे. बहुतेक दिवशी ८.२०ला ताटे वाढली जातात.

मालदांडी ज्वारी दळून आणली. पहिल्या दिवशी सहांपैकी चार भाकरी अखंड निघाल्या, काल सहाही निघाल्या आणि त्यांतल्या दोन टम्म फुगल्या. अण्णांनी त्यांतली एक उचलून तिचा पापुद्रा बोटाने सोलून पाहिला, नातीला दाखवला आणि मग सगळी भाकरी आमटीत कुस्करली.

मुलीने सोललेला लसूण पिठल्यात असल्याचे सांगितल्यावर तिने पिठले दोनदा मागून घेतले. दुधीबाबत मात्र हा उपाय चाललेला नाही.

सोमवारी वरणफळे करून पाहिली आणि ती फसली. फळे एकमेकांना व तळाला चिकटून त्यांचा गोळा झाला. मी ती आमटीला पुरती उकळी फुटण्याआधीच, सगळी एकदम सोडली होती. दोष तिथेच आहे की कणीक सैल झाली होती, याचा खुलासा कोणी केला तर पुढच्या सोमवारी पुन्हा प्रयत्न करीन.