मदत हवी आहे : घोड्याच्या फेटलॉक सांध्याच्या एमआरआयमध्ये समोरासमोरच्या कूर्चा वेगळ्या कशा दाखवाव्यात?

नमस्कार,

पशुवैद्यकीय शरीररचनाशास्त्रातील पदव्युत्तर प्रबंधासाठी मी घोड्याच्या पुढच्या पायातील फेटलॉक सांध्याची (पायाचे लांब नळीचे हाड आणि त्याखालचे हाड यांमधील, खुराच्या वरच्या सांध्याची) निरोगी रचना एमआरआयने नोंदवत आहे. शर्यतीच्या घोड्यांच्या दुखापतींत हा सांधा वारंवार आढळतो, त्यामुळे महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरील घोड्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही तुलनेसाठी अशी चित्रे उपयोगी पडावीत. स्कॅन जिवंत घोड्यांचे नसून, इतर कारणांनी मरण पावलेल्या घोड्यांच्या, गुडघ्यापाशी वेगळ्या केलेल्या व गोठवून ठेवलेल्या पायांचे आहे. यंत्र माणसांसाठीचे, १.५ टेस्लाचे असून पाय माणसाच्या गुडघ्याच्या कॉइलमध्ये (संकेत टिपणाऱ्या वेटोळ्यात) बसतो. नाल आणि खिळ्यांचे तुकडे उरले नाहीत ना, हे आधी एक्स-रे काढून पाहिले जाते.

मुख्य अडचण कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाची आहे. तिसऱ्या मेटाकार्पल हाडाचे (नळीच्या हाडाचे) खालचे टोक गोलाकार असून त्याच्या मधोमध उभा उंचवटा आहे, आणि त्यावरील कूर्चा जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असते. ३ मिलिमीटर जाडीच्या छेदात या वक्र पृष्ठभागावरील हाड, कूर्चा आणि सांध्यातील द्रव यांचे संकेत एकमेकांत मिसळतात, आणि मेटाकार्पल व पहिल्या फॅलँक्सच्या (त्याखालच्या हाडाच्या) कूर्चा मिळून एकच पट्टी दिसते. त्रिमितीय ग्रेडियंट एको पद्धतीने अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचे छेद घेता येतात. वेळ फार लागतो, पण मृत पाय हलत नसल्यामुळे प्रश्न केवळ यंत्र मोकळे मिळण्याचा उरतो.

त्यावर उपाय म्हणून सांध्यात सलाइन, किंवा अतिशय विरळ केलेले गॅडोलिनियम (एमआरआयमध्ये उजळ दिसणारे द्रव्य), सुईने भरून दोन्ही पृष्ठभाग वेगळे करावेत, असे सुचवण्यात आले आहे. मात्र तसे केल्यास सांध्याच्या पिशवीचे कोपरे फुगतात, आणि मग जे चित्र मिळते त्याला निरोगी रचना म्हणावे का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. मला तर आधी काहीही न भरता एक पूर्ण स्कॅन घ्यावा, मग सलाइन भरून फक्त कूर्चेसाठी दुसरा घ्यावा, आणि शेवटी पाय पुन्हा गोठवून त्याच प्रतलात बँडसॉने काप करून चित्रांशी ताडून पाहावे, हे अधिक योग्य वाटते. असे काम केलेल्या कोणी सलाइन भरताना किती दाब ठेवला, आणि नंतरच्या कापांत त्याचा परिणाम दिसला का, हे कृपया सांगावे.

आणखी दोन शंका आहेत. पाय पुरता वितळून खोलीच्या तापमानाला आलेला नसेल, तर चरबीचा संकेत दाबणारी एसटीआयआर पद्धत नीट काम करत नाही, कारण थंडीत चरबीचा टी१ काळ (तिचा संकेत पूर्ववत होण्याचा वेळ) बदलतो; अशा वेळी त्यावर अवलंबून ठरणारा इन्व्हर्जन टाइम (संकेत उलटवल्यानंतर थांबायचा वेळ) प्रत्येक पायासाठी जुळवून घ्यावा की स्कॅन पुढे ढकलावा? दुसरे म्हणजे, सेसमॉइड हाडांखालच्या (सांध्यामागच्या छोट्या हाडांखालच्या) तिरप्या लिगामेंटमध्ये (अस्थिबंधात) कमी टीईच्या (संकेत नोंदवण्यापूर्वीच्या वेळेच्या) चित्रांत उजळ पट्टे दिसतात. तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करत असल्यामुळे हा मॅजिक अँगलचा परिणाम (अशा कोनातील निरोगी तंतूही उजळ दिसणे) असेल, असा माझा तर्क आहे; परंतु लांब टीईच्या चित्रातही थोडा उजळपणा टिकला, तर तो तंतूंमधील चरबीचा समजावा का?