लाँग डार्क: इंटरलोपर या फार अवघड पातळीवर गेलो तर गेमवरचं प्रेम टिकेल का?

रानवाटा
इथे कोणी लाँग डार्क खेळतं का? माझा जीव जडलाय या गेमवर. प्रश्न शेवटी विचारतो, आधी थोडं सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅनडातल्या हिंटरलँड स्टुडिओचा गेम आहे, २०१४ ला अर्ली ॲक्सेसमध्ये (अर्धवट असतानाच खेळायला) आला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये पूर्ण रिलीज झाला. ग्रेट बेअर नावाचं काल्पनिक बेट, भूचुंबकीय वादळामुळे वीज, गाड्या, फोन सगळं ठप्प आणि आपण एकटे बर्फात. झोंबी नाहीत, दुसरे प्लेयर नाहीत, सर्व्हायव्हल मोडमध्ये जिंकणं असा प्रकारच नाही. थंडी, थकवा, तहान, भूक सांभाळत जमेल तितके दिवस काढायचे, मूळ नियम असा की मेलात की सेव्ह फाइल उडाली, परत पहिल्यापासून.

मला सगळ्यात जास्त काय आवडतं तर हा गेम कधी फसवत नाही. पाठीवर कच्चं मांस असेल तर वास सुटतो आणि लांडगे लांबून मागावर येतात, कपडे ओले झाले की गोठतात, शेकोटी वाऱ्यात पेटवली तर विझते, सगळं आधीच कळण्यासारखं असतं, फक्त लक्ष पाहिजे. नकाशावर आपण कुठे आहोत हेसुद्धा दाखवत नाही, विझलेल्या शेकोटीतला कोळसा घेऊन नकाशा आपणच काढायचा. मिस्ट्री लेक नावाच्या भागात वादळात काही म्हणजे काही दिसत नाही तेव्हा रेल्वेचा रूळ धरून चालायचं, आणि मग कॅम्प ऑफिसचं दार एकदम समोर येतं ना, तो आनंद मला दुसऱ्या कुठल्याच गेमने दिलेला नाही.

आता प्रश्न. आतापर्यंत व्होयाजर या मध्यम पातळीवर खेळतोय आणि तिथे छान बस्तान बसलंय. इंटरलोपरवर जायची फार इच्छा आहे, पण मला जी शांतता आवडते ती तिथे राहते का? की नुसती पळापळ होते?

कोळशाची_ठिणगी
जा बिनधास्त. सुरुवातीला पळापळ होतेच, ते लपवत नाही. बंदूक नाही, रिव्हॉल्व्हर नाही, तयार चाकू आणि कुऱ्हाडसुद्धा सापडत नाही, सुरुवातीला हातात काडेपेटी पण नसते. वर जसजसे दिवस जातात तसतशी थंडी वाढतच जाते, म्हणजे एका जागी बसून राहिलास तरी जग तुझ्यावर चाल करून येतं.

पण भावा त्यामुळेच प्रत्येक वस्तूला किंमत येते. आधी जड हातोडा शोधायचा, तो कुठे मिळेल सांगता येत नाही, मग भट्टी गाठायची, डेसोलेशन पॉइंटला रिकन जहाजात आहे किंवा फॉर्लोर्न मस्केगमध्ये स्पेन्सचं घर आहे तिथे. साध्या लाकडावर भट्टी पुरेशी तापत नाही, कोळसा लागतो, तो गुहांमधून आणि खाणीतून वाहून न्यायचा. मग भंगार ठोकून चाकू, कुऱ्हाड आणि बाणाची टोकं. मेपलची फांदी सुकायला घरात ठेवायची, आतडी सुकवायची, बर्चच्या काड्या, कावळ्यांची पिसं, हे सगळं जमल्यावर कुठे धनुष्यबाण तयार होतो. व्होयाजरवर रायफल सापडते आणि आपण पुढे जातो. इथे पहिलं हरीण स्वतः केलेल्या बाणाने पडतं तेव्हा त्या धनुष्याचा सगळा इतिहास आपल्याला माहीत असतो.

आणि शांतता म्हणशील तर ती नंतर येते. सशाच्या कातड्याचे हातमोजे, हरणाचे बूट, लांडग्याचा कोट अंगावर आला की त्याच बर्फात निवांत फिरता येतं. ती शांतता आपण कमावलेली असते म्हणून मला तरी तीच जास्त प्यारी आहे.

सायली_ऑफलाइन
मी थोडं वेगळं म्हणेन. मी पिलग्रिमवर खेळते, सगळ्यात सोपा मोड, जनावरं अंगावर येत नाहीत, आणि मला त्याबद्दल काहीही कमीपणा वाटत नाही. दिवसभराच्या कामानंतर हेडफोन लावून कोस्टल हायवेच्या गोठलेल्या समुद्रावरून चालत राहायचं, बुटाखाली बर्फ वाजतोय, लांबून वाऱ्याचा आवाज, कधी रात्री ऑरोरा, म्हणजे आकाशातला ध्रुवीय प्रकाश, आला की बंद पडलेले दिवे आणि कॉम्प्युटर मिणमिणायला लागतात. गेमचे रंग बघा, जलरंगात काढल्यासारखे, संध्याकाळी टिंबरवुल्फ माउंटनवर जो गुलाबी उजेड पडतो त्यासाठी मी मुद्दाम थांबते.

थंडी पिलग्रिमवर पण मारते हं, ते लोक विसरतात. तर रानवाटा, जा तू इंटरलोपरवर पण व्होयाजरची सेव्ह डिलीट करू नकोस. दोन्ही ठेव. अवघड मोड म्हणजे खरा गेम आणि बाकीचे कच्चे लिंबू असं मला अजिबात पटत नाही.

उणे_तीस
कॅलगरीहून लिहितोय. मूळचा साताऱ्याचा, इथे येण्याआधी भारतात हा गेम खेळायचो आणि तेव्हा वाटायचं की थंडीचं जरा अतीच केलंय. नाही केलेलं. गेममध्ये कपड्याची ऊब वेगळी आणि वारा अडवण्याची ताकद वेगळी मोजतात ना, ते शंभर टक्के खरं आहे. इथे हवामान खातं तापमानाबरोबर विंडचिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा, आकडा वेगळा सांगतं, तो उणे चाळीसच्या खाली गेला की उघडी कातडी दहा मिनिटांच्या आत गोठू शकते. लोकरीचा जाड स्वेटर घातला आणि वर वारा अडवणारं काही नसलं तर तो स्वेटर असून नसल्यासारखा.

आवाज पण खरा. कडाक्याच्या थंडीत कोरडा बर्फ बुटाखाली कुरकुरतो, थंडी जितकी जास्त तितका बारीक चिरका आवाज. इथे कार रात्री प्लगला लावून ठेवावी लागते, इंजिन गरम राहायला हीटर असतो. वीज गेली तर काय, हा विचार हा गेम खेळलेल्या माणसाच्या मनात इथे हिवाळ्यात येतोच. म्हणून मला वाटतं हा गेम ज्यांनी केलाय त्यांनी हा हिवाळा अंगावर घेतलेला आहे, ऑफिसात बसून कल्पना केलेली नाही. मला त्याबद्दल फार आदर आहे.

रानवाटा
वाह, मनापासून आभार सगळ्यांचे. सायली, सेव्ह नाही उडवत, पटलं. ठिणगी, एकच सांग, काड्या इतक्या कमी असतात तर विस्तव कसा टिकवायचा?

कोळशाची_ठिणगी
शेकोटी विझायच्या आत तिच्यातून मशाल काढून घे आणि पुढची शेकोटी त्या मशालीवर पेटव, काडी वापरायचीच नाही. मशाल वाऱ्यात विझते त्यामुळे मधे आडोशाच्या जागा ठरवून ठेव, गुहा, कड्याची मागची बाजू, मासे पकडायच्या झोपड्या. भिंग सापडलं तर सोन्यासारखं जप, ऊन असलं की बाहेर फुकटात आग पेटते, म्हणून निरभ्र सकाळी पाणी वितळवून उकळून ठेवायचं काम उरकून घे. तळ्याकाठच्या पाणकणसाची देठं दिसतील तितकी उचल, एकेकात १५० कॅलरी, वजन जवळपास नाही आणि सडतही नाहीत. इंटरलोपर मिस्ट्री लेकवर सुरू होत नाही, कुठल्यातरी आडवळणी भागात सोडतं, त्यामुळे पहिल्या दिवशी घर शोधण्यापेक्षा काड्या शोध. कुठे सोडलं ते इथे टाक, तिथून जवळची भट्टी कोणती ते सांगतो.