प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड बदलल्यावरही गेम मधूनच का अडखळतो?

प्रश्न

गेल्या महिन्यात मी संगणकातील प्रोसेसर, कूलर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड एकदमच बदलले; मदरबोर्ड मात्र जुना, बी४५० चिपसेटचाच ठेवला. आधी रायझेन ५ १६०० होता व त्याच्यावर सोबत मिळालेला पंखा होता. आता रायझेन ७ ५८००एक्स, त्याला वॉटर कूलर, ३२०० च्या वेगाच्या ८ जीबीच्या दोन रॅम आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० आहे. पॉवर सप्लाय ६५० वॉटचा असून विंडोज ११ नव्याने टाकले आहे.

गेम सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे अतिशय सुरेख जातात, सेकंदाला ११० ते १२० फ्रेम मिळतात. त्यानंतर चित्र एकाएकी सेकंद-दोन सेकंद गोठल्यासारखे होते, आकडा ३० च्याही खाली जातो आणि काहीच घडले नाही अशा थाटात पूर्ववत होतो. कधी हे पाच मिनिटांत दोनदा होते, तर कधी अर्धा तास होत नाही. जुन्या प्रोसेसरवर जेमतेम ७० फ्रेम मिळत, पण असे अडखळणे कधीच नव्हते, याचेच अधिक वाईट वाटते. प्रोसेसरचे तापमान ६८ अंश आणि कार्डाचे ६६ अंश असल्यामुळे उष्णतेचा प्रश्न नसावा. ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा टाकले, उपयोग झाला नाही. कार्ड परत करण्याची मुदत संपत आली आहे. ते परत करावे का?

प्रतिसाद १

कार्डावर ठपका ठेवण्याआधी थोडे थांबा, कारण सरासरी फ्रेमचा आकडा या बाबतीत फारसे काही सांगत नाही. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, त्यांपैकी एखादी फ्रेम ३०० मिलिसेकंद रेंगाळली तरी अर्ध्या तासाची सरासरी जवळपास तशीच राहते, डोळ्याला मात्र ती लगेच खुपते. म्हणून कॅपफ्रेमएक्ससारख्या प्रोग्रामने फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख घ्या आणि अडखळण्याच्या क्षणी कार्डाचा वापर किती टक्के आहे ते पाहा. तो त्या क्षणी एकदम खाली येत असेल, तर बहुधा कार्ड कामाची वाट पाहत बसले आहे आणि उशीर दुसरीकडे होतो आहे.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेगही पाहून घ्या. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) चालू केले नसेल, तर ३२०० ची रॅम अनेकदा २१३३ वरच चालते. रायझेनमध्ये प्रोसेसरच्या अंतर्गत जोडणीचा, म्हणजे इन्फिनिटी फॅब्रिकचा वेग सहसा रॅमच्या वेगाशी बांधलेला असल्यामुळे हा फटका दुहेरी बसतो. शिवाय चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रॅम बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत तसे चित्र असते.

प्रतिसाद २

बायोस किती जुने आहे? काही रायझेन संगणकांत एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधील सुरक्षेच्या सोयीमुळे) अधूनमधून अडखळणे होते, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये मान्य केले होते आणि त्यावरचा उपाय एजेसा (बायोसमधला एएमडीचा स्वतःचा भाग) १.२.०.७ असलेल्या बायोसमधून दिला. त्यात सहसा आवाजही तुटतो आणि साध्या डेस्कटॉपवरही माउस क्षणभर अडकतो. बायोस बदलणार असाल तर ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली आहे का ते आधी पाहा आणि तिची रिकव्हरी की लिहून ठेवा. नंतर एक्सएमपी पुन्हा चालू करावे लागते, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. रॅम खरोखरच २१३३ वर होती आणि दोन्ही मी शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये बसवल्या होत्या, म्हणजे महिनाभर रॅम आणि प्रोसेसर यांमधल्या दोनऐवजी एकाच मार्गावर (चॅनलवर) काम चालले होते. ते दुरुस्त केल्यावर फ्रेम स्पष्ट वाढल्या, पण अडखळणे तसेच आहे. बायोस तुम्ही सांगितलेल्या आवृत्तीपेक्षा नवे आहे, आवाज तुटत नाही आणि डेस्कटॉपवर त्रास नाही. आलेखात ८ मिलिसेकंदांची फ्रेम एकदम ३०० च्या पुढे जाते आणि त्याच क्षणी कार्डाचा वापर ९७ टक्क्यांवरून ३० वर येतो. एक गोष्ट मात्र उलगडत नाही : त्या वेळी प्रोसेसरचे तापमान वाढण्याऐवजी ६८ वरून ५९ अंशांवर उतरते.

प्रतिसाद ३

तापमान उतरणे हाच सर्वांत मोलाचा पुरावा आहे. गेम चालू असताना प्रोसेसर असा एकाएकी थंड होतो, याचा अर्थ त्याने काम कमी केले आहे, आणि बहुधा त्याला तसे करायला लावले आहे. माझा संशय मदरबोर्डाच्या व्हीआरएमवर आहे, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर. १६०० हा ६५ वॉटचा होता आणि त्याचा पंखा खाली बोर्डाकडे हवा फेकत असल्यामुळे व्हीआरएमलाही आपोआप वारा मिळत होता. ५८००एक्स हा १०५ वॉटचा असून त्याची कमाल मर्यादा १४२ वॉट आहे. आणि वॉटर कूलरने उष्णता रेडिएटरकडे नेली, तशी बोर्डावरची हवाही बंद झाली. भार वाढला आणि वारा गेला. व्हीआरएम फार तापला की बोर्ड प्रोसेसरला वेग कमी करण्याचा इशारा देतो, आणि प्रोसेसरच्या तापमानात यातले काहीच दिसत नाही.

एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रोसेसरचा क्लॉक (वेग) आणि ‘प्रॉकहॉट एक्सटी’ ही बोर्डाचा तो इशारा दाखवणारी ओळ उघडी ठेवून खेळा. मग कॅबिनेटची बाजू काढून टेबल फॅनचा वारा थेट बोर्डावर सोडा आणि तोच गेम पुन्हा तासभर चालवा. या दोन चाचण्यांखेरीज सध्या काहीही बदलू नका.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

निदान अचूक ठरले. अठराव्या मिनिटाला क्लॉक ४.५ गिगाहर्ट्झवरून थेट ०.५५ वर आला आणि त्या ओळीत ‘नाही’चे ‘होय’ झाले. टेबल फॅन लावल्यावर दोन तासांत एकदाही अडखळले नाही. आता १२० मिलिमीटरचा एक पंखा व्हीआरएमकडे तोंड करून बसवला आहे आणि बायोसमध्ये ६५ वॉटचा इको मोड (प्रोसेसरची वीज मर्यादित ठेवणारी सेटिंग) लावला आहे, त्यामुळे मर्यादा १४२ वरून ८८ वॉटवर आली. सरासरीत तीन-चार फ्रेमचाच फरक पडला. इको मोड काढून नुसत्या पंख्यावरही चालवून पाहिले, तेव्हा चाळीस मिनिटांनी एकदा अटकले, म्हणून दोन्ही तसेच ठेवले आहे. कार्ड परत करत नाही.