जामीन मंजूर झाला पण जामीनदार नाकारला, कोर्टाला असं करता येतं का?

पक्या_७७:
मामेभावाला मारामारीच्या केसमध्ये जामीन मिळाला, २५ हजार आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मेव्हण्याला उभं केलं, तो शेजारच्या जिल्ह्यातला, सातबारा आधार रेशनकार्ड सगळं घेऊन सकाळपासून व्हरांड्यात बसलो आणि साडेचारला पुकारा झाला तर साहेबांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले दुसरा आणा. क्लार्क म्हणतो बाहेरच्या जिल्ह्यातला चालत नाही. पोरगं अजून आतच, मामी दर तासाला फोन करतेय. काय करायचं?

काळा_कोट:
नाकारता येतो. जामीन मंजूर होणं वेगळं आणि जामीनदार पसंत पडणं वेगळं. ऐपत आहे का आणि माणूस भरवशाचा आहे का हे कोर्ट बघतं. आधी सीआरपीसीचं (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ४४१ होतं, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं (तिच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४८५. ॲफिडेव्हिटवर भागवायचं की चौकशी लावायची हे कोर्ट ठरवतं.
पण नुसतं बाहेरच्या जिल्ह्यातला म्हणून नाकारलं असेल तर ते चूक. १९७८ ची मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश केस वकिलाला दाखवा. गवंडीकाम करणारा माणूस, १० हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून मॅजिस्ट्रेटने नाकारला. न्या. कृष्ण अय्यरांनी चांगलंच सुनावलं आणि रक्कम १ हजारावर आणली. क्लार्कचं सोडा, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद) काय कारण लिहिलंय ते बघा आधी.

झेरॉक्सवाली_ताई:
कोर्टाच्या गेटवरच बसते मी, रोज बघते. सातबारा मेव्हण्याच्याच नावावर आहे ना? आणि रेशनकार्डाच्या मागे आधीचा शेरा आहे का बघ. साहेब पहिलं कार्ड उलटं करतात.

पक्या_७७:
आता बघितलं ताई 😬 सातबारा त्याच्या वडिलांच्या नावावर आहे, आणि मागच्या वर्षी मित्राला जामीन राहिलाय, शिक्का आहे मागे. फॉर्ममध्ये ते लिहिलंच नाही आम्ही, कुणी विचारलं नव्हतं.

काळा_कोट:
मग जिल्ह्याचं कारण नसणार हो. वडील हयात असताना त्यांच्या जमिनीवर मुलाची ऐपत कशी धरणार? आणि ४८६ प्रमाणे आपण आत्तापर्यंत किती जणांना जामीन राहिलोय ते जामीनदाराने स्वतः लिहून द्यायचं असतं, विचारायची वाट बघायची नाही. आधी राहिलाय म्हणून आपोआप बाद होत नाही, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने १३ केसेस असलेल्या एकाला तेच ते जामीनदार अनेक केसेसमध्ये वापरू दिलेत. लपवलं की मात्र संशय येतो.

स्पष्टच_बोलतो:
कोर्ट कडक वागतं यात मला तरी नवल वाटत नाही. भाड्याचे जामीनदार, मेलेल्या माणसाचा सातबारा, खोटे दाखले, सगळं चालतं. नंतर उघडकीला आलं तर ४८८ खाली आरोपीला परत पकडून आणतात आणि नवीन जामीनदार दे म्हणतात, नाही दिला तर आत. आणि आरोपी तारखेला आला नाही तर दंड मेव्हण्याच्या मानेवर, ते त्याला सांगितलंय का कुणी?

पक्या_७७:
सांगितलं नव्हतं. आता तोच नको म्हणतोय 😅

काळा_कोट:
मग मामांचा स्वतःच्या नावावरचा सातबारा, ८-अ (खातेउतारा) किंवा पगारदार माणूस असेल तर सॅलरी स्लिप आणि ओळखपत्र. जमत नसेल तर तात्पुरत्या कॅश बेलचा अर्ज टाका, पैसे भरून पोरगा बाहेर येतो आणि जामीनदाराला काही आठवडे मुदत मिळते, अर्थात कोर्टाने मानलं तर. ऐपतच नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर अट सैल करायचा विचार कोर्ट आपणहून करू शकतं.

पक्या_७७:
मामाच्या नावावर दीड एकर आहे. उद्या सकाळी तलाठ्याकडे जातो, ताई तुमचं दुकान किती वाजता उघडतं?

झेरॉक्सवाली_ताई:
साडेनऊला. ओरिजिनल घेऊन ये, मोबाईलवरचे फोटो नको.