‘दि ओक्स’च्या दरजांत सिमेंट का नको?

जुन्या भिंतीच्या दरजा (विटांमधल्या मसाल्याच्या फटी) सिमेंटने भरल्या तर जास्त टिकतील, असं काही जण सुचवतात. अमेरिकेतल्या टस्कीगीच्या ‘दि ओक्स’ या घराबाबत तरी हे करू नये. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचं हे १८९९चं घर वास्तुविशारद रॉबर्ट टेलर यांनी आखलं आणि त्याच्या विटा वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनीच पाडल्या.

अशा जुन्या, हाताने पाडलेल्या विटा साधारणपणे मऊ आणि सच्छिद्र असतात. दरज विटेपेक्षा कडक झाली की ओल विटेतूनच बाहेर पडते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. दरज मात्र ठणठणीत उभी राहते! म्हणून आधी मूळ मसाला, म्हणजे विटा जोडणारं मिश्रण, तपासायचा. चुन्याचा निघाला तर सुरुवातीला १ भाग चुना, ३ भाग वाळू घेऊन नमुना करून बघायचा.

दरज रुंदीच्या दोन-अडीच पट खोल, छिन्नीने उकरावी. ग्राइंडरने विटांच्या कडा कापल्या जातात. भिंत ओलवून मसाला पाव-पाव इंचाच्या थरांत दाबायचा, नंतर काही दिवस त्यावर ओलं गोणपाट ठेवायचं. सँडब्लास्टिंगचं (जोराने वाळू मारून भिंत साफ करण्याचं) तर नावच नको, विटेची भाजलेली वरची कातडीच जाते.