पोर्तुगीज काळात गोव्यात नाताळ कसा व्हायचा? सांता होता का?

माशेलकर:
लेकीला शाळेत यावर बोलायचंय. तिने चित्र काढलंय, सांता आणि बर्फातलं झाड. गोव्यात बर्फ!! घरात विचारायला जुनं माणूस आता कोणी नाही, म्हणून इथे टाकतोय.

मडगावची:
सांताबिंता नंतरचं हो. मुख्य म्हणजे गोठो, येशूच्या जन्माचा देखावा. आधी काही दिवस डब्याच्या झाकणात नाचणी पेरायची, ती उगवली की गोठ्यात हिरवंगार शेत तयार. बांबूच्या काड्यांना कागद चिकटवून नखेत्र म्हणजे चांदणीचा कंदील, आणि मध्यरात्रीची मिसा म्हणजे चर्चमधली प्रार्थना, तिला मिसा द गालो म्हणजे कोंबड्याची मिसा म्हणत, अख्खी लॅटिनमध्ये. आणि नाताळ हा शब्दच पोर्तुगीज आहे, आपण मराठीत इतका सरसकट वापरतो की लक्षातही येत नाही

फोंड्याचा काका:
कुसवाड म्हणजे नाताळचा फराळ राहिला की! आजीचं माहेर बार्देशातलं, शेजारच्या ख्रिस्ती माय नाताळाला ताट पाठवायच्या त्यात नेवऱ्यो म्हणजे आपल्या करंज्या, दोदोल, आणि अंड्याचं थराथराचं बेबिंक. आजी अंडं खात नसे त्यामुळे बेबिंक पोरांना आणि दोदोल तिचा, तांदळाचं पीठ नारळाचा रस आणि काळा गूळ, बस्स. ताट रिकामं परत द्यायचं नाही, मूठभर साखर तरी घालायची. गणेश चवथीला आमच्या नेवऱ्या तिकडे. मला गंमत याची वाटते की 1736 च्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) फर्मानात ख्रिस्ती घरात तुळस नको, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, इथपर्यंत बारकावे होते, आणि नेवरी मात्र नाताळाच्या ताटात मजेत बसलीय.

तिसवाडीकर:
काका बरोबर, पण "पोर्तुगीज काळ" म्हणजे 1510 ते 1961, साडेचारशे वर्षं. तुमचा फोंडा तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे गेला, तिसवाडी-बार्देश-साष्टी हे तालुके आधीपासून त्यांच्याकडे, त्यांची गोष्ट वेगळी. शेवटची वर्षं सांगायची तर मुंबईच्या कुडांत (गोंयकारांच्या गावागावांच्या वसतिघरांत) राहणारे तारवटी म्हणजे जहाजावरचे खलाशी नाताळाला गावी यायचे, पण 1955 च्या सुमारास भारताने नाकेबंदी केली आणि येणंजाणं कठीण झालं. मग 19 डिसेंबर 1961 ला मुक्ती, आणि सहाव्या दिवशी नाताळ! लेकीला हे नक्की सांगायला लावा.

माशेलकर:
देव बरें करूं सगळ्यांना. सांता खोडला, बर्फ पण. आता ताट काढतेय, दोदोल काळा रंगवायचा की चॉकलेटी यावरून मायलेकींचं जुंपलंय.